चार ग्रॅमची सुई, दीड हजार मीटर

१९७८ साली अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावातून काळ्या मुखपृष्ठाची एक छोटी पुस्तिका बाहेर पडली. नाव ‘मर्सिनरी’. आदल्याच वर्षी मार्क मिलर यांनी ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळात घडणारा भूमिका-खेळ आणला होता. त्या मालेतली ही चौथी पुस्तिका. तिच्यात गाउस रायफल नावाच्या एका कल्पित बंदुकीचं वर्णन आहे. दारू नाही, स्फोट नाही. नळीच्या लांबीभर विजेने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि सुईसारखी गोळी बाहेर फेकली जाते. गोळीची जाडी चार मिलिमीटर, वजन चार ग्रॅम, वेग सेकंदाला १,५०० मीटर.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यांतला एक रेफरी. बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. रेफरी प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे पडतात. ट्रॅव्हलरमध्ये बंदूक झाडली की दोन फासे टाकायचे; बेरीज आठ किंवा जास्त आली तर नेम लागला. छत्तीस शक्यतांपैकी पंधरा तुमच्या बाजूच्या. अंतर आणि चिलखत यांनुसार त्यात कमी-जास्त करायचं.

गाउस रायफलीला ‘महाभयंकर शस्त्र’ म्हणून सोडून दिलं असतं, तर खेळ तसाही चालला असता. पण पुस्तिकेने आकडे दिले. आकडा दिला की तो तपासता येतो, आणि हा आकडा तपासण्यासारखा आहे. अशा तपासणीत जे हाती लागतं ते मला या सबंध छंदातलं सगळ्यात आनंदाचं काम वाटतं. शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं, कॅल्क्युलेटर पुरतो, आणि दूरच्या भविष्यातल्या शस्त्राबद्दल काहीतरी ठाम बोलता येतं.

पहिला हिशेब गतिज ऊर्जेचा. चार ग्रॅम, दीड हजार मीटर: ४,५०० ज्यूल. तुलनेला आपली इन्सास घेऊ. पुण्यात पाषाणच्या आयुध संशोधन संस्थेने, म्हणजे एआरडीईने, तिचा आराखडा केला. तिची गोळीही साधारण चार ग्रॅमचीच; वेग ९०० मीटर. ऊर्जा १,६२० ज्यूल. म्हणजे भविष्यातली बंदूक आजच्या बंदुकीच्या पावणेतीन पट. ऐकायला भारी वाटतं. पण ट्रॅव्हलरच्या पहिल्या पुस्तिकेत जी साधी, दारूवर चालणारी रायफल आहे, तिची गोळी सात मिलिमीटरची, दहा ग्रॅमची, वेग ९००. तिची ऊर्जा ४,०५० ज्यूल. मग एवढ्या प्रगतीने कमावलं काय? जेमतेम अकरा टक्के?

इथेच बहुतेक जण घसरतात आणि आपल्या घरच्या नियमांत गाउस रायफलीचा वेग तीन हजार, पाच हजार, दहा हजार मीटर करून ठेवतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. कल्पित बंदुकीचा अंदाज तंत्रज्ञानाच्या टोकाकडून बांधू नये. तंत्रज्ञान बदलेल, माणसाचा खांदा, हवा आणि उष्णता बदलणार नाहीत. अंदाज त्या टोकाकडून बांधत यावं.

खांद्यापासून सुरू करतो. बंदुकीचा धक्का ऊर्जेवर ठरत नाही, संवेगावर ठरतो: वस्तुमान गुणिले वेग. गाउस रायफलीचा संवेग सहा, किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद या एककात. पहिल्या पुस्तिकेतल्या रायफलीच्या दहा ग्रॅमच्या गोळीचा नऊ, आणि वर जळलेल्या दारूचा वायू नळीच्या तोंडातून सुसाट निघतो त्याचा वेगळा. इन्सासच्या गोळीचा ३.६, पण काडतुसातली सुमारे पावणेदोन ग्रॅम दारू वायू होऊन गोळीपेक्षाही जास्त वेगाने बाहेर पडते, तिचे आणखी दोन-सव्वादोन धरावे लागतात. बेरीज पावणेसहाच्या घरात. गाउस रायफलीत वायूच नाही. म्हणजे तिचा धक्का जवळजवळ इन्सासएवढाच! पावणेतीन पट ऊर्जा आणि खांद्यावर तेवढाच भार. ही खरी प्रगती आहे, आणि ती वेग वाढवून गोळी हलकी ठेवल्याने आलेली आहे. लिहिणाऱ्यांनी हा हिशेब कागदावर केला होता की अनुभवाच्या अंदाजाने आकडा बसवला, ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही. आकडा मात्र पक्का आहे.

गुरुत्वाकर्षण नसलेल्या जागी हाच सहाचा आकडा वेगळा दिसतो. पोशाखासकट शंभर किलोचा माणूस एक गोळी झाडून सेकंदाला सहा सेंटीमीटर मागे सरकेल. दहा गोळ्यांची फैर झाडली तर साठ सेंटीमीटर. शिवाय बंदूक छातीच्या मध्यावर नसून खांद्याला असते, त्यामुळे तो स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागेल. यानाच्या बाहेर लढताना दोराने बांधून घ्या असा नियम रेफरीला वेगळा शोधावा लागत नाही, तो आकड्यातून निघतो.

आता गोळीचा आकार. चार मिलिमीटर जाडीत चार ग्रॅम बसवायचे तर पोलादाची गोळी चार सेंटीमीटर लांब होते. टंगस्टनच्या मिश्रधातूची केली तर दोन सेंटीमीटरांच्या आत बसते. पोलादी सुई आपल्या जाडीच्या दहापट लांब, आणि एवढी लांबोडकी वस्तू नुसत्या फिरकीने स्थिर राहत नाही. तिला बाणासारखे पंख लागतात. हे कल्पनेतलं नाही. १९६०च्या दशकात अमेरिकी सैन्याने असे पंखवाले बाण झाडणारी रायफल बनवण्याचा मोठा खटाटोप केला आणि सोडून दिला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चाचण्या झाल्या. त्यांत ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीची रायफल होती. तिचा बाण पाऊण ग्रॅमहूनही हलका आणि वेग जवळपास दीड हजार मीटर. ‘मर्सिनरी’ने दहा वर्षं आधी कल्पिलेला तोच वेग! पण वजन सहाव्या हिश्शाचं, त्यामुळे ऊर्जा सातशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे इन्सासच्याही निम्म्याहून कमी. चाचणीची अट होती की प्रचलित एम-१६ रायफलीपेक्षा नेम लागण्याचं प्रमाण दुप्पट व्हावं. त्या फेरीतल्या चारपैकी एकाही बंदुकीला ते जमलं नाही. बाण नळीत धरून ठेवणारा खोका बाहेर पडताना सुटतो आणि सुटताना बाणाला हिसका देतो, हे या जातीचं जुनं दुखणं. गाउस रायफलीत खोका लागणार नाही, पण चुंबकाची ओढ चहूबाजूंनी सारखी हवी; नाहीतर तोच हिसका वेगळ्या वाटेने येईल. म्हणून माझ्या टेबलावर नव्या, स्वस्त गाउस रायफलीला नेमात एक वजा मिळतो आणि चांगल्या कारखान्याच्या बंदुकीला मिळत नाही.

हवेचा हिशेब पहिल्यांदा ज्याने नीट केला तो इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स. १७४२ साली त्याने तोफविद्येवर पुस्तक लिहिलं. टांगलेल्या लाकडी लंबकावर गोळी झाडायची, लंबक किती मागे गेला ते मोजायचं आणि त्यावरून गोळीचा वेग काढायचा. तोवर हवेचा अडसर किरकोळ धरत असत. रॉबिन्सने दाखवलं की तो गोळीच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ले बांधायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. त्याची रीत आपल्या सुईला लावली तर नळीतून निघताक्षणी हवा तिला तिच्या वजनाच्या नव्वदपट जोराने मागे ढकलते. तरीही ती टिकते, कारण इन्सासच्या गोळीएवढंच वजन तिने निम्म्या तोंडात कोंबलं आहे. मी केलेल्या ढोबळ हिशेबात पाचशे मीटरवर तिचा वेग १,२०० आणि एक किलोमीटरवर ९५० मीटरच्या आसपास राहतो. म्हणजे किलोमीटरभर लांबच्या माणसाला ती जेव्हा गाठते, तेव्हा तिच्यात इन्सासच्या नळीच्या तोंडाशी असते त्याहून थोडी जास्तच ऊर्जा शिल्लक असते. गाउस रायफलीचं खरं मोठेपण लांब पल्ल्यात आहे. खेळात तिला जवळच्या मारामारीत जादा फासे देण्यापेक्षा लांबच्या नेमाची वजाबाकी कमी करावी, हे त्यातून निघणारं सरळ अनुमान.

ट्रॅव्हलरमध्ये प्रत्येक ग्रहाला हवेचा एक संकेतांक असतो, आणि तो इथे कामाला येतो. मंगळावरची हवा आपल्यापेक्षा साठपट विरळ. तिथे सुई जवळजवळ निर्वातातच धावते. शनीच्या टायटन या चंद्रावर हवा आपल्या चौपटीहून दाट. तिथे पाचशे मीटर जाईस्तोवर वेग दीड हजारावरून पाचशेच्या आसपास उतरतो. त्याच बंदुकीची, त्याच गोळीची दोन जागी दोन तऱ्हा होतात आणि खेळाडूंना ग्रह बदलल्याचं जाणवतं.

चंद्राचा प्रसंग मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण तो आमच्याच टेबलावर घडला. पुण्यात आम्ही काही जण शनिवारी रात्री खेळतो. विवराच्या कड्यावर शत्रू बसलेला, आणि आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या मुलीने खालून वर नेम धरला. फासे पडले तीन आणि दोन. चुकलं. पुढचा खेळाडू फासे उचलणार, तेवढ्यात ती म्हणाली, “दादा, माझी गोळी चुकली. मग गेली कुठे?”

रेफरीने फासे खाली ठेवायला सांगितले. “नळी किती वर होती गं?”

“कडा वरच आहे ना. वीस-पंचवीस अंश असेल.”

त्याने कागद ओढला. चंद्राच्या पृष्ठभागालगत कक्षेत फिरायला सेकंदाला १,६८० मीटर वेग लागतो. सुईचा वेग दीड हजार. म्हणजे ती चंद्राभोवती फिरत राहणार नाही, पण अडवायला हवाही नाही. चोवीस अंशांवर झाडलेली गोळी सगळ्यात लांब जाते, सुमारे अडीच हजार किलोमीटर. आणि पडते त्याच दीड हजार मीटर वेगाने, कारण वाटेत तिने काहीच गमावलेलं नसतं. चंद्राचा अख्खा परिघ अकरा हजार किलोमीटरच्या आत आहे. टेबलावर नकाशा होता. रेफरीने पट्टी ठेवली आणि त्या दिशेला एक खाणवस्ती निघाली. पुढची सबंध रात्र आम्ही चुकलेल्या गोळ्यांचा हिशेब देण्यात घालवली. निर्वातात गोळीबार करायचा तर मागे डोंगर हवा, हे त्यानंतर आमच्यातल्या कुणालाही सांगावं लागलं नाही.

आता उष्णता. सगळ्या कल्पित विद्युत-बंदुका इथे अडतात, आणि खऱ्याही इथेच अडल्या. नॉर्वेचा शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलँड याने १९०३च्या मार्च महिन्यात आजच्या ऑस्लोत जाणत्या प्रेक्षकांसमोर आपली विद्युत-तोफ चालवून दाखवली. कळ दाबली, शॉर्टसर्किट झालं, कानठळ्या बसणारा आवाज आणि झगझगीत ठिणगी. तोफेचा धंदा बसला. त्या ठिणगीची वाट पकडून हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवण्याचा कारखाना मात्र उभा राहिला. अमेरिकी नौदलाने २०१०च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या डाल्ग्रेन इथे ३३ मेगाज्यूलची रेलगन, म्हणजे विजेच्या दोन रुळांमधून गोळी फेकणारी तोफ, डागली आणि २०२१ साली तो प्रकल्प थांबवला. रूळ झिजणं हे त्यातलं एक मोठं दुखणं. आपल्या पाषाणच्या एआरडीईनेही २०१७ साली १२ मिलिमीटर चौकोनी नळीची छोटी रेलगन चालवून पाहिली. जपानने २०२३ साली जहाजावरून डागली. यांतलं काहीही माणसाच्या खांद्यावर मावणारं नाही.

खांद्यावर मावेल अशी कल्पना करू आणि हिशेब मांडू. यंत्र पंचवीस टक्के कार्यक्षम आहे असं धरतो. आजच्या छोट्या चुंबकी बंदुका याच्या जवळपासही नाहीत, म्हणजे हात सैल सोडूनच धरलं आहे. ४,५०० ज्यूल बाहेर काढायला १८,००० आत घालायचे. १३,५०० उष्णता होऊन राहतात. दारूच्या बंदुकीतही बरीच ऊर्जा वाया जाते, पण तिचा मोठा भाग तापलेल्या वायूबरोबर नळीबाहेर जातो आणि थोडा रिकाम्या पुंगळीबरोबर. गाउस रायफलीला उष्णता बाहेर टाकायला असा रस्ता नाही. सगळी नळीभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यांत साचते. तांबं आणि पोलाद मिळून दीड किलो धरलं तर दर गोळीला वीस अंश सेल्सिअसने तापमान चढतं. चाळीस गोळ्यांचं मॅगझिन एका दमात रिकामं केलं तर आठशे अंश! तारेवरचं वेष्टन त्याच्या खूप आधी, दहा-बारा गोळ्यांतच, करपायला लागेल.

बॅटरीची चिंता त्यामानाने लहान आहे. चाळीस गोळ्यांना ७२० किलोज्यूल लागतात. आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीत किलोमागे नऊशे मावतात. अडचण ती ऊर्जा एका मिलिसेकंदात ओतण्याची आहे. साठ सेंटीमीटरच्या नळीतून गोळी ०.८ मिलिसेकंदात पार होते. एवढ्या वेळात अठरा हजार ज्यूल द्यायला आजचे कॅपॅसिटर नऊ-दहा किलोंचे तरी लागतील. तेव्हा भविष्यातल्या शोधाची मागणी करायची तर ती नेमकी इथे करावी. वेटोळी नव्वद टक्के कार्यक्षम झाली, तर दर गोळीला उष्णता पाचशे ज्यूल राहते, चाळीस गोळ्यांनी तापमान तीस अंशांनी चढतं, बॅटरी पाव किलोच्या आत येते आणि बंदूक एकदम वापरण्यासारखी होते. एकच चमत्कार मागायचा, पण योग्य जागी मागायचा. मग खेळात तंत्रज्ञानाच्या पायऱ्याही आपोआप मिळतात: सुरुवातीची गाउस रायफल दहा गोळ्यांनंतर मिनिटभर गप्प बसणार, मधली पाठीवरच्या पेटीला तारेने जोडलेली, आणि शेवटची पुस्तिकेतल्यासारखी.

वेग दुप्पट का करू नये, याचं उत्तर आता देता येतं. तीन हजार मीटरला ऊर्जा चौपट होते, १८,००० ज्यूल. संवेग बारा, म्हणजे जुन्या ३०३ रायफलीएवढा धक्का. दणकट माणूस तोही सोसेल. उष्णता चौपट. आणि एवढं मोजून मिळतं काय? चिलखत भेदण्याला एक मर्यादा आहे. रणगाड्याच्या तोफेतून सुटणारे लांब बाण दीड ते पावणेदोन हजार मीटर वेगाने जातात, आणि त्या टप्प्याच्या पुढे बाण व चिलखत दोन्ही द्रवासारखी वागू लागतात. मग खोली वेगावर फारशी ठरत नाही. ती बाणाच्या लांबीवर आणि दोन्ही धातूंच्या घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर ठरते. दोन सेंटीमीटरांहून थोडी आखूड टंगस्टनची सुई पोलादात तीनेक सेंटीमीटरांपलीकडे जाणार नाही, वेग कितीही वाढवा. तीन हजार मीटरची गाउस रायफल हे वाईट यंत्र आहे. दीड हजाराची चांगलं आहे.

राहता राहिले फासे. जुन्या ट्रॅव्हलरमध्ये पिस्तूल, कार्बाइन आणि रायफल तिन्हींना इजेचे तीनच फासे होते, गोळीचे आकडे वेगवेगळे दिलेले असूनही. गाउस रायफलीला चार. हा त्या नियमांचा कच्चा भाग आहे. पुढे फ्रँक चॅडविक यांनी १९८१च्या ‘स्ट्रायकर’मध्ये खेळाडूंना स्वतः शस्त्रं रचण्याची रीत दिली आणि ग्रेग पोर्टर यांनी तर बंदुका रचून त्या निरनिराळ्या खेळांत कशा बसवायच्या यावरच पुस्तक लिहिलं. टेक्सासच्या स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ‘गर्प्स’ या पद्धतीत फासे ऊर्जेच्या वर्गमुळाच्या जवळ जातात. तिथे ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाला दोन फासे अधिक दोन, ५.५६च्या रायफलीला पाच फासे, ७.६२च्या नाटो रायफलीला सात. सरासरी नऊ, साडेसतरा आणि साडेचोवीस. ऊर्जा अनुक्रमे पाचशे, सोळाशे आणि तेहतीसशे ज्यूलच्या आसपास. वर्गमुळं बावीस, चाळीस, सत्तावन्न. भागाकार तिन्हीकडे ०.४ ते ०.४४ मध्ये पडतो. तीच फूटपट्टी ४,५०० ज्यूलला लावली की वर्गमूळ सदुसष्ट आणि फासे आठ येतात. बारीक सुई चिलखतात खोल जाते, पण शरीरात अरुंद वाट करते. तेव्हा चिलखताचा आकडा भागून कमी करावा आणि शरीरावरची इजा थोडी उतरवावी. गर्प्समध्ये त्याची सोय आहे. इतर खेळांत घरचा नियम करावा लागतो.

‘खेळच तर आहे, एवढं कशाला’ असं विचारणारे भेटतात. त्यांना माझं उत्तर असं की नियमाची कारणं कळली की खेळाडू नियम पाठ करणं सोडतो आणि विचार करू लागतो. ‘माझी गोळी गेली कुठे’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला कोणत्याही पुस्तिकेत त्याचा नियम सापडला नसता.

या दिवाळीच्या सुट्टीत कुणी मित्रमंडळी जमवून असा खेळ मांडणार असाल, आणि तुमच्या कथेत नवी बंदूक आणणार असाल, तर इजेचे फासे ठरवण्याआधी तीन आकडे कागदावर काढा: संवेग, दर गोळीची उष्णता आणि किलोमीटरवर उरलेला वेग. संवेग बाराच्या वर गेला तर ती बंदूक पात्राच्या खांद्यावर देऊ नका, तिपाईवर चढवा.